एका बाईचं पुस्तक

शरयू गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. तिच्या नवऱ्याचा, प्रकाशभावोजींचा आवाज अगदी शांत होता.

बोईसरजवळ सालवडला आम्ही शेजारी. ती साताऱ्याकडची, मी जळगावची. दोघींचे नवरे तारापूरच्या कारखान्यांत. शरयूचा बोईसरमध्ये फोटो स्टुडिओ होता, लग्नाचे अल्बम करायची. भावोजींच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला एक जपानी इंजिनिअर परत जाताना तिला एक पुस्तक देऊन गेला. तिकडच्या एका नटीचं फोटोबुक. पानापानावर ती एकटीच. संत्रं सोलताना, जांभई देताना, ओल्या केसांनी खिडकीशी बसलेली… चाहते अशी पुस्तकं रांगा लावून घेतात, वर्षानुवर्षं जपतात, आणि आपलं एखादं वय फोटोंत टिकून राहावं म्हणून नट्याही ती हौसेनं करून घेतात, असं त्यानं सांगितलं होतं. मला ते सगळं उथळ वाटलं. शरयू मात्र कितीतरी दिवस त्यातच होती.

"आपल्या अल्बममध्ये बाई शोधावी लागते गं," ती एकदा म्हणाली. "नवऱ्याशेजारी, सासूमागे, नाहीतर पंगतीत वाढताना. एकटी कुठेच नसते."

मग तिनं हिराकाकींचं तसं पुस्तक करायला घेतलं. काकी एडवणच्या, आपल्या वाडीतली केळी आमच्याकडे विकायला आणायच्या. शरयू सुट्टीच्या दिवशी त्यांच्यामागे वाडीत हिंडायची. विहिरीवर पाय धुणाऱ्या काकी, दुपारी ओटीवर आडव्या झालेल्या काकी… पुस्तक छापून काकींच्या घरी गेलं आणि कुरबुर सुरू झाली. लग्न नाही, बारसं नाही, एकट्या बाईचे एवढे फोटो कशाला? "आमी घरातले कोन नाय का?" थोरल्या मुलानं विचारलं.

काकी शांतपणे म्हणाल्या, "तुमी सगलीकडं हाय. यात मी हाय."

त्यानंतर हळूहळू बायका स्टुडिओत एकट्या येऊ लागल्या. कुणी कंपनीत पॅकिंग करणारी, कुणी नुकती निवृत्त झालेली नर्स. नटून आलेल्यांनाही शरयू आधी चहा पाजून गप्पांत गुंतवायची, फोटो नंतर.

पुढे तिचं आजारपण आलं, फार लांबलं नाही. ती गेल्यावर हार घालायला फोटो शोधला, तर धड एकही सापडेना. ती कायम कॅमेऱ्यामागे. शेवटी ओळखपत्रावरचा मोठा करून लावला. तो काही तिच्यासारखा दिसत नाही…

परवा मी एडवणला गेले. काकींनी पुस्तक उघडलं आणि स्वतःच्याच फोटोंवर बोट ठेवत शरयूबद्दल बोलू लागल्या. "इतं ती पाण्याच्या पाटात घसरली. इतं तिला भूक लागली, मी भाकर दिली. इतं मला हसवत व्हती, म्हनून मी असी दिसते…" एकेका पानावर त्या थांबत होत्या. शेवटचं पान संपलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पयल्यापासून बगू परत?"

मी त्यांच्याजवळ सरकून बसले.