चिऊनं पेन उचललं

चहा आधी पिऊन टाका. हे सांगायला लागलो की माझं डोकं तापतं, आणि मग समोरच्याचा चहा गार होतो. आता काय सांगू तुम्हाला, जन्मभर मी लोकांना अक्कल शिकवली आणि माझी फजिती केली कुणी? नऊ महिन्यांच्या नातीनं! अजून दात धड आलेले नाहीत तिला!

मी डी.एड. कॉलेजात बालमानसशास्त्र शिकवायचो. मूल कसं शिकतं, स्वभाव कसा घडतो, कौतुक केलं की सवय कशी लागते, सगळं तोंडपाठ. निम्मा जिल्हा माझ्या हाताखालून मास्तर होऊन गेला. आणि अशा माणसाच्या नातीला म्हणे पाळणाघरात घालायचं!

झालं असं, की आमच्या सुनेची, शीतलची, सुट्टी संपत आली होती. ती बँकेत, मुलगा वाळूजला कंपनीत, हिचे गुडघे दुखतात. घरात ठणठणीत कोण? मी! मग चिऊला मीच सांभाळणार ना?

"सांभाळाल हो बाबा," शीतल चाचरत म्हणाली, "पण तुम्ही जरा... चिडता."

"मी? मी चिडतो?"

पाळण्यातली चिऊ दचकून उठली. शेजारचं कुत्रंही भुंकायला लागलं. शीतल फक्त एवढंच म्हणाली, "उष्टावणापर्यंत बघू. मग ठरवू." म्हणजे माझी परीक्षा! माझ्याच घरात!

त्यात सिल्लोडहून आक्का येऊन थडकली. माझी थोरली बहीण. डॉक्टरच्या सांगण्यावरून चिऊचं खाणं कधीच सुरू झालं होतं, पण उष्टावणाची रीत राहिली होती ना! आमच्यात त्या दिवशी बाळापुढं वस्तू मांडतात. सोनं, पुस्तक, पेन, धान्य. मूल ज्याला हात लावेल तसं ते पुढं निघणार म्हणे.

"पोरगी सोनंच उचलती बघ," आक्का म्हणाली. "आपल्या घरात पोरी सोनंच उचलतात. म्या बी उचललं व्हतं."

"काहीही बोलू नको आक्का! स्वभाव काय ताटातून उचलायचा असतो? मूल म्हणजे ओल्या मातीचा गोळा. वळण द्यावं तसं ते घडतं!"

"मंग दे की वळण, बाळू. कोण नाय म्हणलं?"

झालं! अंगाचा नुसता तिळपापड. म्हटलं, आता दाखवतोच. चिऊ पेनच उचलणार. आक्काचं तोंड बंद, आणि लेकरू कुणाच्या हाती द्यावं ते शीतललाही कळेल.

दुसऱ्या दिवशीच तालीम सुरू. गुपचूप! पेपर तपासायचं माझं लाल पेन चिऊपुढं धरायचं. तिनं हात लावला की आपण टाळ्या वाजवायच्या आणि म्हणायचं, "शाब्बास!" गोड द्यायला शीतलची बंदी, म्हणून टाळ्या. शाबासकी मिळाली की मूल तेच पुन्हा करतं, असं शास्त्र सांगतं. आणि केलं हो पोरीनं! पेन दिसलं की झेप घ्यायची आणि स्वतःच टाळ्या वाजवायची.

आता गुपचूप म्हणजे कुठं? तर तिला कडेवर घेऊन बाहेर गेटपाशी. आणि आमच्या उस्मानपुऱ्यात गेट असणं म्हणजे जन्माची शिक्षा! रोज कुणीतरी त्याच्यापुढं स्कूटी आडवी लावून जाणार.

"ए! बापाची जागा आहे का तुझ्या?" एका हातात नात, दुसऱ्या हातात पेन. मग पेनानंच दम द्यायचा.

"चाचा, बस दो मिनट!"

"काल पण दोनच मिनिटं होती! उचल आधी!"

स्कूटी हलली की चिऊ टाळ्या वाजवायची. मीही म्हणायचो, "शाब्बास!"

तेवढ्यात नळाला पाणी. आठवड्यानं येणार, ते पण करंगळीएवढं, आणि शेजाऱ्याची मोटर आमच्या आधी सुरू! "ए! मोटर बंद करा!" तुम्हीच सांगा, माणसानं चिडू नये? चिऊ मात्र शांत. माझ्या तोंडाकडं टक लावून बघत राहायची. मला वाटायचं, किती गुणी लेकरू आहे!

उष्टावणाचा दिवस उजाडला. मामानं खीर चाटवली. चिऊपुढं ताट आलं. आक्कानं अंगठी मुद्दाम तिच्या गुडघ्यापाशी सरकवली.

"आक्का, ही चीटिंग आहे!"

शीतलनं माझ्याकडं बघितलं. मी लगेच आवाज खाली आणला.

चिऊनं अंगठी उचलली... आणि टाकून दिली. मग झेप घेतली आणि पेन धरलं! माझं लाल पेन!

"बघा! याला म्हणतात शास्त्र!" शीतलही हसून म्हणाली, "खरंच की हो बाबा!" जिंकलो होतो मी. पाळणाघर गेलं उडत!

आणि मग चिऊनं भुवया आवळल्या. पेन आक्काच्या नाकापुढं नाचवलं आणि कडाडली, "ए!"

तिनं मान वळवली. मामाला, "ए!" खिरीची वाटी घेऊन उभ्या असलेल्या तिच्या आजीला, "ए!" तोच सूर. मानेची शीरसुद्धा तशीच फुगलेली.

"आगं माय!" आक्कानं कपाळाला हात लावला. "ह्यो तर आपला बाळूच हाय!"

मग काय, सगळं घर हसून लोळायला लागलं. ही तर खिरीची वाटी हिंदकळवत म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान!"

"हसायला काय झालं?" मी ओरडलो. माझ्यापाठोपाठ चिऊही ओरडली, पेन हलवत.

मूल बघून बघून शिकतं, हा धडा मी दरवर्षी शिकवायचो हो! वर्षाच्या शेवटी, घाईघाईत. त्यात शिकवण्यासारखं काय आहे, असं वाटायचं मला.

शीतल कामावर गेली आणि चिऊ पाळणाघरात. सोडायला मीच जातो. परवा तिथल्या बाई काय म्हणाव्यात? "आजोबा, तुमची चिऊ बाकीच्या लेकरांवर लई डाफरते. घरात कुणी चिडकं आहे का?"

आता राग येणार नाही का माणसाला?

"आमच्या घरात? आमच्या घरात कुणीसुद्धा चिडत नाही!"

जरा जोरात म्हणालो असेन. आतली सगळी पोरं भोकाड पसरून रडायला लागली.

आमची चिऊ तेवढी टाळ्या वाजवत होती.