आईसाठी ओढलेली केबल

आईचं ऐकू येणं कमी होत गेलं, तशी ती ओठांवरून बोलणं ओळखायला शिकली. कोणी शिकवलं नाही, गरजेने आलं. कानातल्या यंत्राने थोडा आवाज यायचा, उरलेलं ती समोरच्याच्या तोंडाकडे बघून भरून काढायची. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये तिच्याशी बोलायची पद्धत ठरून गेली होती. समोर उभं राहायचं आणि घास गिळून मगच बोलायचं.

खुब्याच्या ऑपरेशननंतर तिचा पलंग आम्ही हॉलमध्ये गॅलरीच्या बाजूला हलवला. धाकटी बहीण कॅनडात असते. दर रविवारी संध्याकाळी, म्हणजे तिच्या सकाळी, ती व्हिडिओ कॉल करायची. मी फोन आईसमोर धरायचे. आई हसायची, मान डोलवायची, "बरं बरं" म्हणायची. सगळं ठीक चाललंय असं आम्हाला वाटायचं.

एका रविवारी बहीण म्हणाली, "आई, माझं एक ऑपरेशन झालं. गाठ काढली. तुला आधी सांगितलं नाही, घाबरशील म्हणून."

आई फोनकडे बघून तोंडभर हसली. "छान! छान झालं!"

बहिणीचा चेहरा पडला. काहीतरी कारण सांगून तिने फोन ठेवला. मी आईकडे बघितलं, तर ती खूश होती. एवढ्याशा काचेवर बोटाच्या नखाएवढे ओठ, त्यातून तिला काय कळणार होतं? मी तिथेच सांगू शकले असते, पण ही बातमी माझ्या तोंडून जाता कामा नये असं मला वाटलं. ती बहिणीची होती. पुढच्या रविवारपर्यंत आईला बहिणीचे ओठ दिसलेच पाहिजेत, एवढं मी मनाशी ठरवलं.

समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही होताच. नवऱ्याने लॅपटॉपचं चित्र बिनतारी पद्धतीने त्यावर आणून दाखवलं. चेहरा चांगला परातीएवढा दिसायला लागला. बहिणीने आधीच पाठवलेला एक व्हिडिओ लावून बघितला, तर आवाज लॅपटॉपमधून आधी यायचा आणि ओठ मागाहून हलायचे.

आई म्हणाली, "हिचं तोंड एका गावाला आणि आवाज दुसऱ्या."

म्हणजे तार हवी. टीव्हीबरोबर आलेली एचडीएमआय केबल हातभर लांब. लॅपटॉप टीव्हीपाशी ठेवला तर कॅमेऱ्यात आई ठिपक्याएवढी दिसणार, आणि तिचा बारीक आवाज तिथवर पोचणार नाही. लॅपटॉप पलंगाजवळच हवा होता. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत जाऊन एक्स्टेन्शन आणलं, एका टोकाला पिन आणि दुसऱ्या टोकाला खाच असलेलं. जुन्या केबलला जोडलं. चित्र आलं आणि स्वयंपाकघराकडे जाताना माझा पाय लागताच गेलं. जोडावर चिकटपट्टी गुंडाळली, तरी मधेच पडदा काळा व्हायचा.

दुसऱ्या दिवशी, मी शिकवते ती शाळा सुटल्यावर, पुन्हा त्याच दुकानात गेले. "अहो, हा जोड हलला की चित्र जातं."

"मग हलवू नका," दुकानदार मान वर न करता म्हणाला.

"आमच्या घरात माणसं राहतात. ती चालतात. मला बिनजोडाची, एकच सलग केबल हवीय."

"लांब केबलचा भरवसा नसतो. चालली तर चालली."

"न चालणारी मी आधीच नेलीय. आता चालणारी दाखवा."

तेव्हा त्याने मान वर केली. मी पर्समधून सुतळी काढून काउंटरवर ठेवली. टीव्हीपासून खाली, भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून पलंगापर्यंत मी ती फिरवून आणली होती आणि वर थोडी ढील ठेवली होती. त्याने ती मोजली आणि आतून एक केबल आणून दिली. या लांबीला साधी केबल दगा देते, हिच्या टोकात चिप आहे, एवढंच तो म्हणाला.

घरी आणून लावली, तर पडद्यावर काहीच नाही. नुसता अंधार.

"परत देऊन टाक," नवरा म्हणाला. "फोनच जरा जवळ धरू."

"फोन नाही," मी म्हणाले.

मी केबल काढली, दोन्ही टोकं उजेडात धरली. आईचं भिंग घेतलं. प्लास्टिकवर बारीक इंग्रजी अक्षरं होती. एक टोक टीव्हीचं, दुसरं लॅपटॉपचं. मी उलटी लावली होती. टोकं बदलली आणि पडदा उजळला. मग स्टुलावर चढून चौकटीभोवती क्लिपा ठोकल्या. वळणावर केबल मुडपू दिली नाही.

रविवारी बहीण टीव्हीवर आली. आई उशीला टेकून सरळ बसली, चष्मा वर सरकवला.

"काय ते नीट सांग," मी बहिणीला म्हणाले. "सावकाश."

बहिणीने सगळं पुन्हा सांगितलं. गाठ होती, काढली, तपासली, वाईट काही निघालं नाही. आईचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. मग ते थांबले.

"हेच सांगत होतीस मागच्या वेळी?"

बहिणीने मान हलवली.

"आणि मी काय म्हणाले?"

बहीण म्हणाली, "छान म्हणालीस."

आईने तोंडाला पदर लावला. जरा वेळाने डोळे पुसले आणि एकामागून एक विचारत सुटली. टाका कुठे आहे? जेवण कोण करतं? जावई रजा घेतो की नाही? मध्येच म्हणाली, "खिडकीकडे तोंड कर, अंधारात दिसत नाही. आणि लिपस्टिक लाव जरा."

"आत्ता? सकाळी?"

"मला ओठ वाचायचेत. नटायला कोण सांगतंय!"

बहीण उठून लिपस्टिक लावून आली. लालभडक होती. तिघीही हसलो.

त्यानंतरचे कॉल लांबत गेले. एका रविवारी बहीण म्हणाली की ती आमटीत चिंचेऐवजी लिंबू पिळते. आईने ते अचूक टिपलं आणि तिला झापलं. बहीणही गप्प बसली नाही. लिंबावरून निघालेलं भांडण तिच्या लग्नातल्या शालूपर्यंत गेलं. कित्येक महिन्यांत त्या दोघींना असं भांडता आलं नव्हतं. मध्ये पडायला नवरा उठला, तर मी त्याला हाताला धरून गॅलरीत नेलं आणि दार ओढून घेतलं.