न शिवलेले जाळे

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, मामीच्या वाडीखाली सावित्रीचा एक डोह आहे. शाळेत असताना तिथे मी पाणमांजरांचे एक कुटुंब पाहिले होते. पिल्ले खडकावर ओल्या अंगाने लोळत होती आणि आई त्यांना पुन्हा पुन्हा पाण्यात ढकलत होती. प्राणिशास्त्राकडे मी वळले ती त्या सकाळमुळे. त्यानंतर मात्र पाणमांजर मला कधीच दिसले नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात त्या डोहावरच पाळी आली. महाडच्या पुरानंतर सुरू झालेले गाळ आणि खडक काढण्याचे काम वर सरकत होते. ठरलेल्या मुदतीत पाणमांजरांच्या वावराचा ताजा पुरावा मिळाला, तर तेवढा काठ वगळू, असे मला सांगण्यात आले. कामाला माझा विरोध नव्हता. महाडच्या आमच्या घरात पाणी माळ्याला लागले होते. बाबा अजूनही पावसाळ्याआधी पुस्तके वरच्या शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवतात. मला फक्त तो एक काठ हवा होता.

पुरावा म्हणजे मुख्यतः विष्ठा. पाणमांजर ती ठरावीक खडकांवर टाकते. तिच्यात खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे असतात, आणि ताजी असेल तर माशांचा उग्र वास येतो. मला मिळाली ती जुनी, पांढरी पडलेली. तीही मी नाकाशी धरून पाहिली.

"एवढी शिकलीस नि हेच हुंगत बसलीस गो," मामी हसत म्हणाली.

काठावर लावलेल्या कॅमेऱ्यांत रानडुकरे आली, मुंगूस आले, पाण्याला निघालेली मामी आली. पूर्वी पाणमांजरे जाळी फाडून मासे नेत आणि सारी वाडी त्यांना शिव्या घाली, असे ती सांगे. आता जाळी फाटत नाहीत.

मुदत संपता संपता मामीच्या जाळ्याला हातभर भोक पडले. दगडाची धार, वाहून आलेली फांदी, मगर. साऱ्या शक्यता मला ठाऊक होत्या.

"आज शिवू नकोस, मामी."

"मग मासे काय तुझ्या कॅमेऱ्यात धरू?"

तरी तिने जाळे तसेच सोडले. मी कॅमेरा भोकाकडे वळवला. सकाळी कॅमेऱ्यात नुसते पाणी होते. 'ताजा पुरावा आढळला नाही,' असे मी लिहिले आणि पुढच्या आठवड्यात खडक निघाले.

मामीने नवे जाळे घेतले आहे. जुने पडवीत टांगलेले असते, अजून न शिवलेले. वाडीवर गेले की मी आधी त्याच्या कडा हुंगते. मामी आता हसत नाही.