बादशहाच्या दाढीचा सूड

मंगळवार पेठेत एक गोष्ट बरेच दिवस या कानातून त्या कानात फिरत होती. अमेरिकेचा एक गोरा साहेब पांढऱ्या गाडीतून आला, बादशहा शिकलगाराच्या दुकानापुढं उतरला आणि भर दुपारी, चार लोकांच्या देखत, नाक घासून माफी मागून गेला. कुणी म्हणे, ढसाढसा रडला. कुणी म्हणे, रडला नाही, नुसते डोळे पुसले. एकानं तर साहेबाच्या पँटीला गुडघ्यावर लागलेली माती स्वतः बघितली होती. हा गृहस्थ त्या दिवशी इचलकरंजीला लग्नात जेवत होता. पण कोल्हापुरात एखादी गोष्ट बघायला तिथं हजर असावं लागतंच असं नाही.

ही गोष्ट कळायची तर आधी बादशहाची लेक सदफ कळली पाहिजे.

शिकलगार म्हणजे सुऱ्या, कात्र्या, अडकित्त्यांना धार लावणारी माणसं. बादशहाचं दुकान म्हणजे एक सान, म्हणजे धार लावायचं दगडी चाक, एक मोडकी खुर्ची आणि भिंतीला लटकवलेल्या लोकांच्या विसरलेल्या कात्र्या. माणूस मऊ. पण घरातली उरलीसुरली सगळी धार लेकीच्या जिभेला लागली, आणि जिभेपेक्षा जास्त तिच्या आठवणीला. चौथीत असताना वर्षाराणी नावाच्या पोरीनं सदफच्या चित्रावर पाणी सांडलं होतं. सदफनं ते मनात ठेवलं. पुढं वर्षाराणीचं लग्न ठरलं तेव्हा ही आपणहून मेंदी काढायला गेली. हातभर सुरेख मेंदी काढली आणि म्हणाली, "नवऱ्याचं नाव लपवलंय, त्याला हुडकू दे." नवरा बिचारा पहिल्या रात्री डोळे फाडून हुडकत बसला. नाव काढलेलंच नव्हतं.

अशी ही बाई. वाढली, शिकली आणि राजारामपुरीत एका आईस्क्रीमच्या दुकानावरच्या ऑफिसात कामाला लागली. तिथं परदेशी कंपन्यांच्या युद्धाच्या व्हिडिओ गेमसाठी माणसं बनवून द्यायचे. धडं दुसरे करायचे, सदफकडं चेहरे. तिची आई सुलतानबी शेजारणींना कौतुकानं सांगायची, "आमची पोरगी मुंडकी करते." शेजारणींना बराच काळ वाटत होतं, पोरगी गणपतीच्या कारखान्यात आहे.

ऑर्डरी अमेरिकेतून यायच्या आणि त्यात काही नवं नसायचं. शत्रू पाहिजेत. दाढीवाले पाहिजेत. डोळे लाल, दात पिवळे. सदफ करून द्यायची. हाताला काम होतं, चेहरे कुणाचेच नव्हते.

मग एकदा तिकडच्या साहेबानं, ब्रेंट त्याचं नाव, वेगळंच मागितलं. एका गावातला मायाळू म्हातारा हवा होता. तहानलेल्या सैनिकाला तो पाणी देतो, एवढंच त्याचं काम. सदफला एवढा आनंद झाला की ती धावत घरी आली. "अब्बा, दाढीला मेंदी लावा. तुमचा चेहरा अमेरिकेला जाणार हाय."

बादशहानं मेंदी लावली, ठेवणीतला सदरा घातला आणि मोडक्या खुर्चीवर असा ताठ बसला की जणू लग्नाला उभा आहे. सदफनं चारी बाजूंनी फोटो काढले. उजव्या भुवईत सानेची ठिणगी लागून पडलेली रेघ होती, तीसुद्धा तिनं सोडली नाही. सुलतानबीनं गल्लीत पेढे वाटले. बादशहा गिऱ्हाइकाला कात्री परत देताना सांगायचा, "तिकडं मी पाणी वाटतोय, बरं का."

गेम आला. तालमीतल्या पोरांनी मोबाइलवर घेतला. आणि एका संध्याकाळी सम्राट नावाचा दांडगट पैलवान दुकानापुढं येऊन खो खो हसायला लागला.

"चाचा, तुमी तर लई डेंजर निघाला की! काल तुमाला मारता मारता माझा घाम निघाला."

पाणी देणारा म्हातारा गेमात पाणी देत होता खरा. सैनिकानं तांब्या तोंडाला लावला की म्हातारा सदऱ्यातून सुरा काढायचा. तोच अतिरेक्यांचा म्होरक्या. दाढी तीच, भुवईतली रेघ तीच. जगभरची पोरं दिवसरात्र बादशहाला गोळ्या घालत होती.

पेठेनं हसून घेतलं. पेठ कुणाला हसत नाही? पेठेतल्या तरुण मंडळाच्या राजवीरच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला, त्यात शुभेच्छुकांच्या रांगेत पोरांनी आमदाराच्या शेजारी गेममधला बादशहा लावला, हातात सुरा. मनात काही वाईट नव्हतं. बादशहाही पहिल्या दिवशी हसला. दुसऱ्या दिवशी एक पावणी सुरी घेऊन आली, फ्लेक्सकडं बघितलं, बादशहाकडं बघितलं आणि म्हणाली, "नगं, ऱ्हाऊ द्या, तशीबी चालतीया." त्या दिवशी तो कमी हसला. असं चार-सहा जणांनी केलं. काही थट्टेनं, काही खरंच.

एका सकाळी सदफ उठली तर बाप आरशापुढं उभा. दाढी सफा. मेंदीच्या त्या लालबुंद दाढीखाली एवढीशी, पांढरीफटक, सोललेल्या लसणीसारखी हनुवटी होती, हे तिला आजवर माहीतच नव्हतं.

"अब्बा, हे काय?"

"उकडत हुतं."

दिवस पौषाचे होते. सुलतानबी चुलीपुढं हात शेकत बसली होती.

दुकानात जाऊन बादशहानं आणखी एक केलं. सान उचलून फिरवून ठेवली. आता तो भिंतीकडं तोंड करून धार लावायचा. गिऱ्हाइकाला पाठ दिसायची. आयुष्यभर रस्त्याकडं बघून "काय पावणं, कुठलं गाव?" विचारणारा माणूस, त्याची पाठ.

सदफनं ती पाठ बघितली आणि मनात गाठ मारली. दाढी परत आली पाहिजे, सान परत फिरली पाहिजे, आणि त्या ब्रेंटला हे फेडायला लावलं पाहिजे.

ऑफिसातला तिचा साहेब धैर्यशील. त्याला तिनं गाठलं.

"सर, पाणी देणारा म्हातारा हुता तो."

"अगं, त्यांनी स्टोरी बदलली. क्लायंट हाय, आपण काय बोलणार?"

"मग क्लायंटच्या बापाचं तोंड लावायचं हुतं."

धैर्यशीलनं तिला ब्रेंटपुढं बसवलं, म्हणजे कॉलवर. ब्रेंट मनापासून ऐकून घेणारा माणूस. त्यानं सगळं ऐकलं आणि खुशीत सांगितलं, की चेहरा इतका प्रेमळ उतरलाय म्हणूनच सुरा निघाल्यावर खेळणारा दचकतो. तुझं काम अप्रतिम आहे. पुढच्या भागात याचा भाऊ घेऊ.

सदफ हसली. शेजारी तिची मैत्रीण क्रांती बसली होती, शिरोळची, उसाच्या घरातली, गेमचं प्रोग्रामिंग करणारी. तिनं सदफचं हसू बघितलं. सदफ चिडली की ओरडते. जास्त चिडली की हसते, हे तिला ठाऊक होतं.

पुढचे सगळे कॉल सदफ फार गोड वागली. "सर, तुमच्याकडचा उजेड चेहऱ्यावर कसा पडतो ते बघायचंय. जरा डावीकडं वळता? आता वर? आता रागावल्यासारखं करा की." ब्रेंट बिचारा वळला, वर बघितलं, रागावला, दात दाखवले. भला माणूस. त्याचा चेहरा सगळ्या बाजूंनी टिपून पुरा झाला, त्या दिवशी सदफनं नोकरी सोडली.

"क्रांती, मला अमेरिकेच्या फौजेचा गेम करायचाय. फौज आपल्याकडं चालून येती. म्होरक्या कर्नल ब्रेंट."

"आणि आपण?"

"आपण त्याला हानायचा."

दोघींनी झपाटल्यासारखं काम केलं. कुरुंदवाडच्या घाटाला अमेरिकेच्या बोटी लागल्या. शिरोळच्या उसात हेलिकॉप्टर उतरली. कर्नल ब्रेंटनं गावंच्या गावं जाळली. सदफनं त्याला जेवढा क्रूर करता येईल तेवढा केला, आणि तालमीतल्या पोरांना खेळायला दिला.

पोरं जांभया द्यायला लागली.

"का रं सम्राट? राग येत न्हाय?"

"कशाचा राग? व्हिलन हाय म्हटल्यावर गावं जाळायचीच की त्यानं. त्याचं कामच हाय ते."

सदफचं तोंड उतरलं. महिनाभर रक्त आटवून केलेला दुष्ट पेठेला दुष्टच वाटेना. तेव्हा क्रांती म्हणाली, "मी सांगतो. गावं ऱ्हाऊ देत. ह्याला दूधकट्ट्यावर ने."

कोल्हापुरात संध्याकाळी रस्त्याकडेला म्हशी आणून बांधतात. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळ दुधाचा पेला तसाच तोंडाला लावायचा. पैलवान तिथं, म्हातारे तिथं, भांडणं तिथं, सोयरिकी तिथं. दोघींनी कर्नलला त्या कट्ट्यावर नेलं. त्यानं म्हशी ताब्यात घेतल्या, बंदुकीच्या धाकानं गवळ्याला बाजूला केलं, आणि सगळ्यांपुढं शांतपणे दुधाच्या किटलीत तांब्याभर पाणी ओतलं. वर म्हणाला, "तब्येतीला चांगलं असतं."

सम्राट ताडकन उभा राहिला. "आरं तुझ्या... दुधात? आमच्या म्होरं दुधात?" पुढं तो जे बोलला ते आईबहिणींच्या देखत वाचण्यासारखं नाही.

गेम पेटला. नाव पडलं 'दूधकट्टा'. कळंब्यापासून कसबा बावड्यापर्यंत पोरं कर्नल ब्रेंटच्या मागं लागली. त्याला शेणात लोळवला, म्हशीच्या शेपटीला बांधला, रंकाळ्यात बुचकळला. सदफ शेजारी बसून बघायची आणि प्रत्येक वेळी म्हणायची, "आणखी एकदा." तिचं पोट भरत नव्हतं. शेवट तिनं स्वतः रचला होता. हरलेला कर्नल एका धार लावणाऱ्या म्हाताऱ्याच्या दुकानापुढं येतो, गुडघे टेकतो आणि नाक घासतो. म्हाताऱ्याला दाढी होती, लाल.

राजवीरच्या मंडळानं नवा फ्लेक्स लावला, त्यावर ब्रेंट, खाली 'दुधात पाणी घालणाऱ्यांचा जाहीर निषेध'.

सदफनं बापाला गेम दाखवला. बादशहा शेवटापर्यंत खेळला. ब्रेंटनं नाक घासलं तेव्हा एवढा हसला की ठसका लागला. मग डोळे पुसले, फोन परत दिला आणि भिंतीकडं तोंड करून सानेपुढं बसला.

"अब्बा! आता काय राहिलं?"

"गेमात घासलं की त्यानं. रस्त्यावर कुठं घासलंय?"

त्याच तिरमिरीत सदफनं गेम ब्रेंटला पाठवून दिला. बघू दे स्वतःचं तोंड शेणात. तिनं वाट बघितली. शिव्या येतील, धमकी येईल, वकील येईल. उत्तर आलं ते असं, की हा मीच ना? झकास! माझ्या पोरांनी घर डोक्यावर घेतलंय. ऑफिसच्या दारावर म्हशीचा फोटो लावलाय. सोबत त्याचा फोटो, दुधाचा पेला हातात घेऊन.

क्रांतीनं फोटो मोठा करून बघितला. "अगं, ह्यानं दाढी वाढवलीया."

सदफनं फोन हिसकावून फोटो आणखी मोठा केला.

"त्याला व्हिलन केला तर त्याला बक्षीस मिळाल्यागत झालं," क्रांती म्हणाली. "आणि चाचांना केला तर..."

"बास कर."

"आता काय करणार?"

"त्याचं काय करायचं न्हाय. त्याला कायबी लागणारच न्हाय," सदफ म्हणाली आणि हसली.

पुढच्या आठवड्यात पेठेत ती गोष्ट उठली. पांढरी गाडी, गोरा साहेब, नाक. पहिला सम्राटच धावत आला.

"चाचा, आलता म्हणं त्यो? खरंच आलता?"

बादशहाचे सानेवरचे हात थांबले. पाठ तशीच होती. सदफ दुकानाच्या पायरीवर बसली होती, तिला बापाच्या मानेवरची शीर दिसत होती. दुकान त्याचं. दिवसभर तिथं बसणारा तो. कोण आलं, कोण गेलं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत?

बादशहा सावकाश वळला. आधी लेकीकडं बघितलं. मग सम्राटकडं.

"आलता की. च्या पाजला. पर कपाला कान न्हवता, त्याचं बोट भाजलं."

"नाक घासलं?"

"हितं. ह्या फळीवर. मी म्हटलं, उठा पावणं, झालं गेलं. पर ऐकतोय कशाला!"

दुपारपर्यंत दुकानापुढं गर्दी. फळी कुठली, हे बघायला माणसं उभ्या पेठेतून आली; सुरी नाकारून गेलेली ती पावणीही आली, आणि येताना तीन सुऱ्या घेऊन आली. भिंतीकडं तोंड करून एवढ्या लोकांना उत्तरं कशी देणार? बादशहानं सान उचलली आणि रस्त्याकडं फिरवली. रोज साहेब थोडा जास्त रडायला लागला. बादशहाच्या हनुवटीवर पांढरे खुंट दिसायला लागले, आणि सुलतानबीनं एक दिवस न विचारताच मेंदी भिजवली.

खरं एवढंच आहे. अमेरिकेतून कुणी आलं नाही. दुकानापुढं थांबलेली ती पांढरी गाडी फ्रीज दुरुस्त करणाऱ्याची होती. ही गोष्ट सदफनं कोपऱ्यावरच्या बायडाबाई फुलवालीला सकाळी सांगितली होती, कुणाला सांगू नको म्हणून.