खोकणारा पॉइंट

घोडबंदर रस्त्यावर चेण्याजवळ एका म्हाताऱ्या मेकॅनिकचं पत्र्याचं गॅरेज आहे. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. बाबा त्यांची जुनी गाडी त्याच्याशिवाय कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. बाबा गेले, गाडी माझ्याकडे आली आणि रोज सकाळी झटके खायला लागली. ठिणगी पाडणाऱ्या जुन्या पॉइंटच्या जागी बसवायचं इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट घेऊनच मी त्याच्याकडे गेलो.

"पॉइंट काढून टाका, कटकट नको."

त्याने बॉनेट उघडलं. काड्यापेटीची खरखरीत पट्टी त्याने पॉइंटमधून दोनदा फिरवली. मग फट मोजायला खिशातून जाड कागदाचा एक काळपट तुकडा काढला.

"तुमच्या लग्नाची पत्रिका हाय. तुमच्या बाबांनी दिलेली. इतकी वर्षं हिच्यावरच गॅप लावतोय."

गाडी एका चावीत सुरू झाली. त्याने हात पुसत किटच्या खोक्याकडे पाहिलं.

"चांगलं हाय ते. पण जाताना काय सांगत न्हाय, एकदम जातं. पॉइंट आधी चार दिवस खोकतो. ऐकणारा पायजे."

किट मी तसंच परत आणलं. शेवटच्या थंडीत बाबाही महिनाभर खोकत होते. हवा बदललीय, असं मी रोज म्हणायचो.