विहिरीची राखणदार

कॉम्प्युटरवरच्या खेळाच्या पहिल्याच पानावर एक चौकट होती. तुम्ही कुठून आलात, असं तिथे इंग्रजीत विचारलं होतं. मी माझं नाव, गाव, पोस्ट, तालुका पाथर्डी, जिल्हा अहमदनगर आणि पिनकोड, सगळं भरलं. चौकट लहान होती, तरी बसवलं.

शेजारी बसलेली मैत्रीण नगर शहरातली. तिने वाचलं आणि ओढणी तोंडावर धरून हसली.

"अगं, इथे काहीही लिहायचं असतं. मी बघ, चंद्रावरची आहे."

"मग ते खोटं नाही का होत?"

"खेळ आहे बाई. तहसील कचेरी आहे का?"

मी तसंच ठेवलं. शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर एकदा माझ्याकडून तालुक्याच्या जागी गावाचं नाव पडलं होतं, आणि अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यासाठी तीन वेळा पाथर्डीला जावं लागलं होतं. तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "बाई, फॉर्ममदी खरं आन् पुरं लिवत जा." आमच्या घरात कॉलेजपर्यंत आलेली मी पहिलीच. फॉर्म खेळाचा असला तरी तो फॉर्मच, असं मला मनापासून वाटलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकाच कॉम्प्युटरला फोनची तार जोडलेली होती आणि दर शुक्रवारी दुपारी आम्हा दोघींच्या वाट्याला तो अर्धा तास यायचा. खेळात चित्र एकही नव्हतं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची : तुम्ही एका ओसाड गावात आहात, उत्तरेला डोंगर आहे, आता काय करणार? खाली आपण उत्तर लिहायचं. जगभरची माणसं तिथे राजे, चोर, जादूगार बनून फिरत होती. मी विहिरीची राखणदार झाले. बाकी काही सुचलं नाही. मांडीवर डिक्शनरी ठेवून मी एकेक वाक्य लावायची, तोवर वेळ संपायचा. पण आठवडाभर मला त्या विहिरीची आठवण यायची.

गणपती उठल्यानंतरच्या शुक्रवारी पडद्यावर माझ्यासाठी निरोप होता. पाठवणाऱ्याने स्वतःचं नाव लांडगा असं ठेवलेलं. लिहिलं होतं, "तू कुठे राहतेस ते मला कळलं. तुझा जिल्हा नकाशात सापडला. मी तुझ्या घरी पत्र पाठवलं आहे."

मी तीनदा डिक्शनरी पाहिली. त्यात अवघड शब्द एकही नव्हता.

मैत्रीण म्हणाली, "पाठवू दे की. तिकीट जमव."

तिला कसं सांगणार? आमच्याकडे दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं. मुकादम नवराबायकोची जोडी मोजतो आणि त्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. त्यामुळे टोळ्या निघायच्या आधी गावात लग्नं उरकली जातात. माझ्या चुलत्यांनी माझ्यासाठी एक जागा पाहून ठेवली होती. मुलाकडे कोयता अर्धाच होता. अण्णांनी त्यांना थोपवलं होतं, पण त्यांच्याच तोंडून चुलत्यांना शब्दही गेला होता : पोरीच्या नावानं एक जरी बोल घरी आला, तर या दिवाळीतच लग्न. अण्णा दिलेला शब्द फिरवत नसत.

आणि आता एका परक्या पुरुषाचं पत्र आमच्या घराकडे निघालं होतं.

पुढच्या दोन शुक्रवारी मी प्रयोगशाळेत गेलेच नाही. होस्टेलवर कुणी हाक मारली की वाटायचं, चुलते न्यायला आले. जेवण जाईना. पोस्टात जाऊन पत्र परत फिरवता येतं का विचारावं, असंही मनात आलं. पोस्टाच्या दारापर्यंत गेले आणि माघारी फिरले. स्वतःच्याच घरचं पत्र का अडवायचं, असं तिथल्या माणसाने विचारलं असतं तर?

दिवाळीच्या सुट्टीत एसटीतून उतरले, तर पोस्टमन फाट्यावरच भेटला. "तुझं लांबचं पत्र आलंय बरं का. लाल-निळ्या काठाचं. अण्णांच्या हातात दिलं." फाट्यापासून घर पंधरा मिनिटांवर. त्या दिवशी मला किती वेळ लागला, सांगता येणार नाही.

अंगणात चार शेजारी बसलेले. चुलते खाटेवर. पाकीट बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, न फोडता ठेवलेलं. इंग्रजी वाचणारं वस्तीत दुसरं कोण होतं? ते माझ्यासाठीच थांबलं होतं.

"आली का बालिष्टर," चुलते म्हणाले. "वाच आता. आठ दिस झाले तुझा बा पाहुन्याला ठेवावा तसं ठेवून बसलाय."

आईने पाणी दिलं. मी तांब्या दोन्ही हातांनी धरला. मग पाकीट फोडलं, दोन ओळी नजरेखालून घातल्या आणि मान वर करून बोलू लागले. कॉलेजचंच आहे. बाहेरदेशाच्या एका संस्थेनं परीक्षेचे नियम पाठवलेत. पेपर मार्चमध्ये आहेत. वेळेवर हजर राहावं.

"बाई." अण्णा हळूच म्हणाले. "तू कागदाकडं बघंनास."

मी थांबले.

"मला वाचाया येत न्हाई. पर कारखान्यात उसाच्या काट्यावर पावती वाचनाऱ्या कारकुनाचं डोळं बघन्यात महा जल्म गेला. खरं वाचनाऱ्याचं डोळं कागदावर चालत्यात. तू पयल्यापासून वाच."

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, हे कळलं तरी धीर आला नाही. मी एकेक ओळ इंग्रजीत वाचली आणि तिचं मराठी सांगितलं. तो रेल्वेत सिग्नलवर नोकरी करून निवृत्त झालेला माणूस होता. पायाने अधू, घराबाहेर पडत नव्हता. खेळात एवढा खरा पत्ता लिहिणारं त्याला दुसरं कुणी भेटलं नव्हतं. त्याने विचारलं होतं, तुमच्याकडे खरंच पाणी इतकं कमी आहे का, की खेळातही विहीरच राखावीशी वाटावी? शेवटी लिहिलं होतं, या पत्राने अडचण होणार असेल तर उत्तर देऊ नये.

मग चुलते म्हणाले, "म्हंजी बाप्याचंच हाय की. घ्या. अजून काय बोल यायचा राहिला?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "त्याला पत्ता कुनी दिला?"

"मीच."

"कशापायी?"

"फॉर्ममध्ये विचारला होता."

चुलत्यांनी खाटेवरून पाय खाली सोडले, उठायच्या बेताने.

"फॉर्ममदी खरं लिव, असं म्याच सांगितलं," अण्णा म्हणाले. "मग हा बोल मह्या नावानं आला. पोरीच्या न्हाई."

"असं कुठं असतंय?" चुलते म्हणाले.

"असंच हाय."

चुलते चहा न घेता गेले. टोळी निघेपर्यंत ते आमच्या अंगणात आले नाहीत आणि अण्णा त्यांच्याकडे गेले नाहीत. आई-अण्णा ट्रॅक्टरवर चढले त्या सकाळी मी माझी पिशवी घेऊन नगरच्या एसटीत बसले. हायसं वाटायला हवं होतं. मला सारखं वाटत होतं, मी दोन भावांत काहीतरी मोडून निघाले आहे.

त्याआधी, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, अण्णांनी मला समोर बसवलं होतं. "उत्तर दे. पानी खरंच कमी हाय, तेवढं लिव. दुसरं काय न्हाई."

मी तेवढंच लिहिलं. मग पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचा पत्ता घालायची जागा आली आणि माझा हात थांबला. अण्णा माझ्या डोळ्यांकडे बघत होते. मी गाव लिहिलं, पोस्ट लिहिलं, तालुका, जिल्हा लिहिला, आणि शेवटी पिनकोड.