शालिग्रामची किडनी

शेजाऱ्यानं कूलर घेतला की निंबाला उकडायला लागायचं. कापड कारखान्यात लूमवर दुसऱ्या कुणाला शेठनं शाबासकी दिली की त्या दिवशी याला जेवण जायचं नाही. बमरोलीतल्या त्यांच्या गल्लीला हे पाठ होतं, आणि मुद्दाम त्याच्या देखत एकमेकांचं कौतुक करून लोक करमणूक करून घेत. पण ही सगळी किरकोळ जळजळ. निंबाचा खरा जीव जळायचा तो एकाच माणसावर, बायकोच्या धाकट्या भावावर.

शालिग्राम कामरेजला राहतो. तिथं त्याचं ग्रिल-शटर बनवायचं दुकान आहे. माणूस हसरा, हाताचा सढळ. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो आंब्यांची पेटी घेऊन प्रमिलाला माहेरी न्यायला यायचा. माहेर अमळनेरहून इकडं गुजरातेत कामरेजला आलं, रिक्षाच्या वाटेवर आलं, तरी मुराळी आल्याशिवाय निघायचं नाही हा खानदेशी रिवाज काही सुटला नव्हता. भाऊ दारात दिसला की निंबाशी चार शब्दांत उरकणारी प्रमिला एकदम पोरीसारखी बडबडायला लागायची. निंबा कोपऱ्यात बसून ते बघायचा आणि काहीतरी खुसपट काढायचा. कधी पोरीची परीक्षा, कधी पाण्याची पाळी. एकदा तर त्यानं स्वतःला तापसुद्धा आणला होता.

मग प्रमिलाच्या पायांवर सूज आली आणि बघता बघता दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. किडनी बसवावी लागेल म्हटल्यावर निंबा क्षणाचाही विचार न करता म्हणाला, "मनी किडनी ल्या." हे त्याच्या पदरात टाकायलाच हवं. जीव होता त्याचा बायकोवर. पण त्या जिवाला थोडी फोडणीही होती. आंबे कुणीही आणतो, आता बघ म्हणावं शालिग्रामला! रक्तगट जुळला तेव्हा निंबानं पानाच्या टपरीपासून लूमच्या दारापर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं.

त्यानंतर त्याच्या पेशी आणि प्रमिलाचं रक्त एकत्र तपासलं गेलं, आणि डॉक्टरीणबाईंनी त्याला एकट्याला आत बोलावलं. बाई गुजराती, पण निम्मे पेशंट आपले खानदेशीच असल्यानं मराठी चांगली बोलायच्या.

"तुमची किडनी चालणार नाही. तिच्या रक्तात तुमच्याविरुद्ध अँटिबॉडी आहेत. बसवली तर तिचं अंग त्या किडनीवर तुटून पडेल. सख्खा भाऊ आहे ना तिला? त्याला तपासणीला आणा, लवकर."

निंबाच्या कानांत दोनच शब्द शिरले. 'तुमच्याविरुद्ध' आणि 'भाऊ'.

बाहेर बाकावर बसल्या बसल्या त्याच्या डोक्यात चक्रं फिरू लागली. म्हणजे इतकी वर्षं ही भाकरी थापून वाढत होती आणि आतून आपल्याशी लढत होती! आता शालिग्राम येणार, किडनी देणार, गल्ली त्याची आरती ओवाळणार, आणि ही जन्मभर भावाचंच नाव घेणार. त्याच्या छातीत भडका उडाला. प्रमिला मशीनवरून उठून आली तेव्हा तो म्हणाला, "जमी गयं. ऑपरेशननी तारीख भेटनी का झायं." शालिग्रामलाही फोनवर तेच सांगितलं. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, भाऊ गावी आहे, येईल. एवढं खोटं निंबा आयुष्यात कधी बोलला नव्हता, आणि इतक्या सफाईनं तर नाहीच.

त्याला दिसत नव्हतं असं नाही. प्रमिला जिना चढताना मध्येच पायरीवर बसायला लागली. हृदयावर ताण येतोय, फार थांबता येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. निंबा रोज ठरवायचा, उद्या फोन करू. उद्या उजाडला की शालिग्रामचा हसरा चेहरा डोळ्यांपुढं यायचा आणि फोन परत खिशात जायचा. स्वतःचीच किळस यायची त्याला, तरी हात पुढं होत नव्हता.

पण आखाजीला बोलवावं लागत नाही. सणाच्या सकाळी शालिग्राम पेटी घेऊन दारात हजर झाला.

प्रमिला हसली आणि लगेच तिचे डोळे भरले. डायलिसिसवाल्याला आंबा वर्ज्य. शालिग्रामनं जीभ चावली आणि पेटी बाजूला सारली. "ऱ्हाऊ दे आंबा, अक्का. तू चाल."

"आज मशीनवर जानं शे रे."

"मंग मी बी येस दवाखानामा. तठूनच लई जास तुले."

निंबाच्या तोंडचं पाणी पळालं. ऊन फार आहे, आत दोघांना सोडत नाहीत, असं काहीबाही तो बोलू लागला. शेवटी लेक हर्षदाच गुजरातीत वैतागली, "पप्पा, मामाने आववा दो ने, शुं वांधो छे?"

व्हायचं तेच झालं. दवाखान्यात डॉक्टरीणबाई समोरूनच आल्या. "हे भाऊ ना? आले एकदाचे! अहो, तुमच्या तपासणीसाठी सगळं खोळंबलंय."

"कसानी तपासनी?" शालिग्राम गोंधळला. "दाजीनं जमेल शे ना?"

बाईंनी निंबाकडं पाहिलं. भिंतीला धरून उभ्या असलेल्या प्रमिलानंही पाहिलं. काय झालं ते तिघांच्याही लक्षात आलं. शालिग्राम भांडला असता तर निंबाला बरं वाटलं असतं. त्यानं नुसती शर्टाची बाही वर केली. "रगत कोठे देवानं शे?"

तिथं निंबाचा बांध फुटला. "बाई, इतला वरीस संसार मी कया! ह्यानं काय कयं? आंबा आनात! मंग तिना आंगले मी परका अन् हाऊ आपला, हाई कसं?"

बाई चिडल्याच होत्या, पण त्याचा चेहरा बघून थांबल्या.

"ऐका. प्रत्येकाच्या पेशींवर खुणा असतात, अर्ध्या आईकडच्या, अर्ध्या बापाकडच्या. त्यांना अँटिजेन म्हणतात. तुमच्या खुणा तुमच्या अंगात गप्प असतात. त्याच परक्या अंगात शिरल्या आणि ते अंग खवळून उठलं, तर आम्ही त्यांना इम्युनोजेन म्हणतो. खूण तीच, पण आता ती भांडण पेटवते. अंग तिच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं आणि ती खूण विसरत नाही. भावाच्या आणि तिच्या खुणा एकाच आईबापाच्या, म्हणून जुळण्याची आशा."

"पन मी कवय गवू तिना आंगमा?"

"तुमची दोन मुलं तिच्या पोटात राहिली ना. नऊ-नऊ महिने. मुलांवर अर्ध्या खुणा तुमच्या. बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. तिच्या अंगानं तुम्हाला तेव्हा ओळखलं. सगळ्याच आयांचं असं होत नाही, हिचं झालं. मुलं झाली नसती तर कदाचित तुमची किडनी चाललीही असती."

निंबा बाकावर बसला. ज्याला तो वैर समजून धुमसत होता, ते हर्षदाचं आणि मुलाचं, विकासचं, येणं होतं. आता रागवायचं तरी कुणावर?

शालिग्राम रक्त द्यायला आत गेल्यावर प्रमिला त्याच्या शेजारी येऊन टेकली. बोलायला तिला दम पुरत नव्हता.

"काब्र दपाडं तुम्ही? मले काब्र नही सांगं?"

"तो देई अन् मी देखत ऱ्हासू, हाई मले सहन नही व्हयनं."

तिनं त्याच्याकडं वळून पाहिलं. मग म्हणाली, "मी मरी जाती, ते मंग कोनावर जळतात तुम्ही?"

 ती मशीनवर असेपर्यंत निंबा तिथंच रडत बसला होता.

शालिग्रामच्या खुणा पूर्ण जुळल्या आणि किडनी बसली. गल्लीनं त्याचा सत्कार केला. निंबानं स्वतः हार घातला, आणि घालताना पोटात दुखलंच. स्वभाव काही ऑपरेशननं जात नाही. पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, भाऊ झाला तरी बारीकसारीक खुणा वेगळ्या असतात. अंगाला त्यांचा पत्ता लागू नये म्हणून जन्मभर सकाळ-संध्याकाळ वेळेवर गोळ्या घ्यायच्या. ते काम निंबानं कुणाला हात लावू न देता स्वतःकडं घेतलं. ज्याच्यावर आयुष्यभर जळला, त्याच्याच किडनीवर तो पहारा देऊ लागला.

पुढच्या आखाजीला शालिग्राम आला, तेव्हा निंबानं एकही खुसपट काढलं नाही. गोळ्यांचा डबा त्याच्या हाती देणं मात्र जिवावर आलं, म्हणून तोही निघाला. लग्नानंतर पहिल्यांदाच आखाजीला सासुरवाडीला.

संध्याकाळी कामरेजला पंगत बसली. प्रमिलाला आता आंबा चालत होता. पुरणपोळीवर आमरस पडला आणि निंबाच्या फोनमधला गोळीचा गजर वाजू लागला. तो ताटावरून उठला, हात धुतला, गोळी काढून प्रमिलाच्या हातावर ठेवली.

शालिग्राम हसला. "दाजी, जेवन ते व्हऊ द्या! मनी किडनी काय पयी जाई का?"

"तिनं आंग काही इसरत नही," निंबा छाती काढून म्हणाला. "शालिग्राम, तुनी किडनी गोळ्यासवर टिकेल शे. मी तिना रगतमा बिनगोळीना टिकेल शे."

प्रमिलाला हसताना ठसका लागला. पाण्याचा तांब्या द्यायला दोघंही उठले, पण निंबा आधी पोचला.